ड्रिल मशीनचा नीतिबोध

मनुष्याच्या नैतिक उन्नतीसाठी आजवर जी हत्यारं निघाली, त्यांत सर्वांत उपयुक्त हत्यार म्हणजे न वापरलेली हातोडी. वापरलेल्या हातोडीने फार तर खिळा आत जातो, आणि तोही पुष्कळदा वाकडा. न वापरलेल्या हातोडीकडे मात्र माणूस तासन्‌तास बघू शकतो, तिच्यावर बोलू शकतो आणि बोलता बोलता आतून घडत जातो. ज्यांनी खरोखर दगड फोडले त्या गवंड्यांना हे कधी कळलं नाही, कारण त्यांना वेळ नव्हता. कळलं ते ज्यांनी जन्मात दगड उचलला नव्हता अशा सद्‌गृहस्थांना. त्यांनी गवंड्यांची हत्यारं उचलली, स्वच्छ पुसली आणि त्यांतून नीती काढली. या परंपरेला फ्रीमेसनरी म्हणतात, आणि ती सिंगापुरात आजही व्यवस्थित चालू आहे (वातानुकूलित).

निशिकांतराव पळसुले हे या परंपरेचे तिथल्या टॅम्पिनीस भागातले पहिले मराठी सदस्य. (ही माहिती त्यांनीच दिलेली आहे, पडताळणी झालेली नाही.) वय पन्नाशीच्या अलीकडे, एका बँकेच्या जोखीम विभागात वरचा हुद्दा, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळून बरीच वर्षं झालेली. जोखीम विभागाचं काम काय, तर कुणी काही करायला निघालं की ते केल्यास काय काय होऊ शकतं, हे त्याला लेखी कळवणं. हे काम त्यांनी इतकं मन लावून केलं होतं, की त्यांच्या हातून आयुष्यात एकही वस्तू बिघडलेली नव्हती. दुरुस्तही झालेली नव्हती, पण जोखीम विभागात ते मोजत नाहीत.

लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसनांच्या मंडळात, ते बंधुभावासाठी गेले. तिथे त्यांच्या साहेबांचे साहेबही बंधुभावासाठीच येत असत, हा योगायोग. प्रवेशविधीच्या वेळी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती आणि एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. घरी पँट दुमडून बाथरूम घासायला सांगितलं की ज्यांची कंबर धरते, असे निशिकांतराव त्या दिवशी मोठ्या आनंदाने दुमडल्या पँटने उभे राहिले. हे सगळं गुप्त असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना त्यांनी ते बायकोला, म्हणजे मेधाला, फक्त एकदाच सविस्तर सांगितलं.

लॉजने त्यांना कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन दिला. स्वयंपाकघरातला एप्रन बायकी दिसतो म्हणून त्यांनी कधी घातला नव्हता. हा रुबाबदार दिसत होता. कातडं असल्यामुळे तो देवाजवळ ठेवता येईना, म्हणून मेधाने तो बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवला. (सिंगापुरातल्या नव्या फ्लॅटांत जाड भिंतींची एक लहान खोली असते. क्षेपणास्त्र आलं तर कुटुंबाने तिथे बसायचं. ते येईपर्यंत तिथे तांदळाची पिशवी, मोठ्या बॅगा आणि दिवाळीचा आकाशकंदील बसतो.)

मग टप्प्याटप्प्याने हत्यारांची ओळख झाली. ती थोडक्यात अशी:

चोवीस इंची पट्टी, म्हणजे दिवसाचे चोवीस तास. आठ इंच काम, आठ इंच प्रार्थना व परोपकार, आठ इंच विश्रांती. (निशिकांतरावांचे बँकेत तेरा इंच जात. परोपकाराचे इंच ते एमआरटीच्या लोकलमध्ये उभ्याने उरकत.)

हातोडी: मनातले फाजील विचार ठोकून काढण्यासाठी.

छिन्नी: शिक्षण. निशिकांतरावांचं झालेलं होतं.

गुण्या: वागणूक काटकोनात ठेवण्यासाठी.

लेव्हल: सगळी माणसं सारखी आहेत याची आठवण राहावी म्हणून. हे हत्यार वरच्या हुद्द्यावरच्या लोकांना विशेष आवडतं.

ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. माणसाने सरळ उभं राहावं आणि खरं बोलावं.

कंपास: वासनांभोवती वर्तुळ काढायला. बुफेच्या वेळी बाजूला ठेवतात.

पेन्सिल: आपली प्रत्येक कृती वर कुठेतरी नोंदली जाते, हे ध्यानात ठेवण्यासाठी.

निशिकांतरावांना हे सगळं मनापासून पटलं. यात थट्टा नाही. शाळेत भूमिती त्यांना कधी जमली नव्हती, आणि प्रमेयं घोकताना जे कुणी सांगितलं नाही ते आता त्यांना कळत होतं, की काटकोन हा काढण्यासाठी नसतोच, तो बाळगण्यासाठी असतो. त्यांनी हत्यारांचा एक संच मागवला, पितळी, मखमलीच्या डब्यात. रोज रात्री जेवण झालं की ते डबा उघडत, एक हत्यार उचलत, त्यावर फुंकर मारत आणि पुन्हा ठेवून देत. त्यानंतर त्यांना गाढ झोप लागे.

इथे देवघराचं सांगायला हवं.

मेधाच्या आईने पुण्यातलं राहतं घर सोडून ज्येष्ठांच्या संकुलात एक खोली घेतली, तेव्हा तिथे देवघर मावेना. सागवानी देवघर, वर कळस, दोन्ही बाजूंना नाजूक खांब, खाली वाती-कापूर ठेवायला चिमुकला खण. आईंनी डोळे पुसत ते लेकीला दिलं, आणि ते बोटीने सिंगापूरला आलं. सामान आणणाऱ्या माणसांनी विचारलं, कुठे ठेवू? निशिकांतराव तेव्हा फोनवर होते. त्यांनी दाराजवळच्या चपलांच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हटलं, "तात्पुरतं."

मराठी घरात तात्पुरती ठेवलेली वस्तू सहसा पुढच्या पिढीकडे जाते. तसंच याही देवघराचं होऊ लागलं. वर अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि टाक. खाली निशिकांतरावांचे ऑफिसचे बूट आणि मुलगी मैत्रेयी हिचे नेटबॉलचे. मेधा रोज सकाळी अंघोळ करून तिथे उभी राहायची, उदबत्ती लावायची, आणि खालून बुटांचा वास यायचा तेव्हा तिला अक्षरशः रडू यायचं. ती एका ऑडिट फर्ममध्ये मॅनेजर होती, लोकांच्या चुका काढणं हेच तिचं काम, आणि स्वतःच्या घरातली ही एक चूक तिला निस्तरता येत नव्हती. आईला व्हिडिओ कॉलवर देव दाखवताना ती फोन असा धरायची की कळस आणि खांब तेवढे दिसावेत.

"भिंतीवर नीट बसलं ना गं?" आईंनी विचारलं.

"हो," मेधा म्हणाली. पहिल्यांदा ती हे अडखळत म्हणाली होती. नंतर सवयीने म्हणायला लागली, आणि त्याचं तिला जास्त वाईट वाटायचं.

"निशी, दोन ब्रॅकेट आणि चार भोकं," तिने नवऱ्याला पुष्कळदा सांगितलं. "एवढंच काम आहे रे."

निशिकांतराव अशा वेळी चिडत नसत. ते तिला जवळ बसवून घेत आणि समजावत, की भिंतीत ठोकलेला खिळा उद्या गंजेल, मनात ठोकलेला गंजत नाही. एकदा तिने कंटाळून फोनवरून एक हँडीमन ठरवला. निशिकांतरावांनी ते परस्पर रद्द केलं. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरचा माणूस भोक पाडील, पण ते पाडताना त्याच्या मनात काय चाललं आहे हे आपल्याला कसं कळणार? देवाचं काम आहे. शिवाय ज्याच्या घरात हत्यारांचा डबा आहे त्याने भोकासाठी माणूस बोलावला, हे लॉजमध्ये समजलं तर काय शोभा राहील? मैत्रेयी तेव्हा हेडफोन काढून सिंगापुरी हेलात एवढंच म्हणाली, "पप्पा, जस्ट ड्रिल लाह," आणि पुन्हा हेडफोन लावून बसली.

याच सुमारास निशिकांतरावांचं नाव घराबाहेर होऊ लागलं. इथल्या मराठी मंडळींच्या एका स्नेहमेळाव्यात ठरलेले वक्ते व्हिसाच्या भानगडीत अडकले आणि यांना उभं केलं गेलं. विषय होता, 'ओळंबा आणि आपण'. त्यांनी खिशातून ओळंबा काढला, दोरी धरली, आणि वजन डोलायचं थांबेपर्यंत ते काहीही बोलले नाहीत. दिवसभर एक्सेलमध्ये घालवणाऱ्या त्या माणसांना लोंबकळणारी वस्तू बघून इतकं शांत वाटलं, की पुढचं भाषण कुणाला आठवत नसूनही सगळ्यांनी ते फार उत्तम झालं म्हणून सांगितलं.

मग लाटच आली. पासिर रिसचा विक्रांत, आयटीत मॅनेजर, त्याने लेव्हल घेतली आणि तिच्यावर आपलं नाव कोरून घेतलं. आंग मो किओच्या रुचिरने गुण्या घेतला; तो एका फंडाचे हिशेब बघे आणि त्याला काटकोनाची निकड अधिक होती. वाढदिवसाला ओळंबे दिले जाऊ लागले. एका पाहणीनुसार (पाहणी निशिकांतरावांनी केली, व्हॉट्सअ‍ॅपवर) इथल्या त्रेचाळीस मराठी घरांपैकी एकतीस घरांत गवंडीकामाचं किमान एक हत्यार होतं. त्याच एकतीस घरांपैकी सत्तावीस घरांत पडद्याचा दांडा एका बाजूला उतरलेला होता. दांडा आणि नीती यांचा काही संबंध दिसून आला नाही, असं पाहणीच्या शेवटी नमूद केलं आहे.

आणि अशा ऐन भरात मेधाच्या आईंचा फोन आला. पाडव्याला येते आहे, दोन आठवडे राहीन, तिकीट काढलं आहे, शनिवारी सकाळी पोचते. "माझे देव डोळे भरून बघायचेत गं," आई म्हणाल्या.

मेधाने फोन ठेवला आणि ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "शनिवारी आई दारातून आत येणार, चपला काढणार आणि ठेवायला कपाट उघडणार," ती म्हणाली. "आणि वर तिचे देव असणार. तिने आयुष्यभर सोवळं पाळलं नाही, कधी कुणाला काही बोलली नाही, पण हे तिला लागेल. आणि मी तिच्याशी खोटं बोललेय. तुझ्या त्या डब्याचं काय करायचं ते कर, पण शुक्रवारपर्यंत देव भिंतीवर गेले पाहिजेत."

निशिकांतरावांना परिस्थितीचं गांभीर्य कळलं. त्यांनी ताबडतोब बैठक बोलावली.

रविवार सगळ्यांना सोयीचा होता, पण बिल्डिंगच्या खाली लावलेल्या नोटिशीप्रमाणे रविवारी भिंतीला ड्रिल लावायला मनाई होती. म्हणून बुधवार ठरला. बुधवारी सगळ्यांचं वर्क फ्रॉम होम असतं, आणि ते कुणाच्या होमवरून करावं याबद्दल कंपन्यांचा स्पष्ट नियम नाही. विक्रांत लेव्हल आणि लॅपटॉप घेऊन आला, रुचिर गुण्या आणि लॅपटॉप घेऊन आला. अमेय नावाचा रुचिरचा शेजारी, इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मॅनेजर, तो ड्रिल मशीन घेऊन आला. (सेलमध्ये घेतलेलं, खोक्यातून न काढलेलं.) अमेय या परंपरेत नवीन होता. त्याने चहाचा कप घेतल्या घेतल्या विचारलं, "भोक कुठे पाडायचं?" बाकीचे तिघं त्याच्याकडे मायेने बघून हसले.

आधी भिंत ठरली. मेधाने पूर्वीच टीव्हीशेजारची भिंत सुचवली होती, पण क्रिकेट बघताना देव नजरेच्या कोपऱ्यात येतील आणि त्यांच्यादेखत तोंडातून भलतेसलते शब्द जातील, या कारणाने ती नाकारली गेली. पूर्वेची भिंत एकमताने निवडली. मग चोवीस इंची पट्टी लावली. पट्टी म्हणजे दिवस, तेव्हा देवघराचा मध्य बरोब्बर दुपारी बारा वाजता यायला हवा, यावर दुमत नव्हतं. प्रश्न असा आला, की दिवस सुरू कुठून धरायचा. इंग्रजी पद्धतीने रात्री बारापासून, की आपल्या पद्धतीने सूर्योदयापासून? देव आपले असल्यामुळे सूर्योदय धरला, आणि देवघर डावीकडे सहा इंच सरकलं. विक्रांत मधूनमधून कॅमेऱ्यासमोर जाऊन मान हलवून येत होता; त्याची कंपनी त्या वेळी एक मोठा निर्णय घेत होती आणि त्याचा त्याला पाठिंबा होता.

पेन्सिलने फुल्या मारायला सुरुवात झाली. पेन्सिलचा बोध असा, की केलेली कृती नोंदली जाते, मिटत नाही. त्यामुळे चुकलेली फुली खोडायची नाही असं ठरलं. दुपारच्या जेवणापर्यंत भिंतीवर एकोणीस फुल्या झाल्या होत्या, त्यांतल्या कुठल्या चार खऱ्या हे फक्त रुचिरला माहीत होतं, आणि तो तेव्हा फंडाच्या कॉलवर होता.

जेवण झाल्यावर अमेयने ड्रिल खोक्यातून काढलं. इथे खरी अडचण उभी राहिली.

निशिकांतरावांच्या मखमली डब्यात ड्रिल नव्हतं. कुठल्याही लॉजच्या कुठल्याही पाठात ड्रिलचा उल्लेख नाही. ज्या काळातल्या देवळांवरून हे सगळं घेतलं आहे त्या काळात प्लग लावायची सोयच नव्हती. याचा सरळ अर्थ असा, की ड्रिलला नीतिबोध नाही. आणि ज्या हत्याराला नीतिबोध नाही ते देवाच्या कामाला लावणं म्हणजे, निशिकांतराव म्हणाले, "नुसतं भोक पाडणं होईल."

"पण नुसतं भोकच पाडायचंय ना?" अमेय म्हणाला. त्याला दुसरा चहा दिला.

ड्रिलचा नीतिबोध ठरवण्यासाठी चौघांची उपसमिती नेमली गेली. (समितीही चौघांचीच होती.) विक्रांतने 'चिकाटी' सुचवली. त्यावर आक्षेप आला, की चिकाटी विजेवर चालत नाही. निशिकांतरावांनी 'सहानुभूती' मांडली, कारण ड्रिल दुसऱ्याच्या आत शिरतं. रुचिरला हे अजिबात मान्य होईना. त्याचं म्हणणं, हे यंत्र गोल गोल फिरत पुढे जातं, आणि गोल फिरून पुढे जाणं हे गुण्या, ओळंबा आणि लेव्हल या तिघांच्याही शिकवणुकीविरुद्ध आहे. असली माणसं त्याच्या ऑफिसात होती आणि सगळी त्याच्या वर गेली होती. हे बोलून त्याने गुण्या रुमालाने पुसला. मग अमेयने सगळ्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, की ड्रिल उलटंही फिरतं, बटण आहे. उलटं फिरणं म्हणजे पश्चात्ताप, हे चौघांच्याही एकदम लक्षात आलं. पण आधी पाप केल्याशिवाय पश्चात्ताप कशाचा, या मुद्द्यावर चर्चा पुन्हा अडली, आणि तेवढ्यात पाच वाजले. नोटिशीप्रमाणे पाचनंतर ड्रिल बंद. संध्याकाळी मेधा त्या भिंतीबद्दल काही सांगायला लागली, तेव्हा समितीचं काम अजून चालू आहे म्हणून निशिकांतरावांनी तिला थांबवलं.

गुरुवारी दिवसभर ग्रुपवर मतं आली. रात्री जेवायच्या वेळेला ठराव झाला, की ड्रिल हे 'निर्धारपूर्वक नम्रतेचं' प्रतीक मानावं. याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही, आणि म्हणूनच ठराव एकमताने झाला.

शुक्रवारी दुपारी चौघं पुन्हा जमले. अमेयने निर्धारपूर्वक नम्रतेने ड्रिल भिंतीला लावलं. मोठा आवाज झाला, पांढरा धूर निघाला, ड्रिलचं टोक तांबडं होऊन बोथट झालं, आणि भिंतीवर मुगाच्या डाळीएवढा खळगा पडला. अमेयने भिंतीवर बोटाने टकटक केली. मग तो वळसा घालून पलीकडे गेला आणि दार उघडून बघून आला. पूर्वेची भिंत बॉम्ब शेल्टरची होती. क्षेपणास्त्राला वाट न देणारी, आत लोखंडाच्या सळ्या भरलेली. आणि तिला भोक पाडायला मुळात परवानगीच नसते, हे सिंगापुरात घर घेतलेल्या प्रत्येकाला किल्ली देतानाच सांगितलेलं असतं. त्या घरात ते मेधाने ऐकलं होतं. निशिकांतराव तेव्हाही फोनवर होते.

एखादी कच्च्या दिलाची मंडळी इथे खचली असती. निशिकांतराव भिंतीसमोर उभे राहिले. त्यांनी खळग्यावरून हात फिरवला. बाहेरून साधी, गुळगुळीत, पांढरी; आतून पोलाद; कितीही खोदा, ढिम्म हलत नाही. "आपण हत्यारांकडून शिकत बसलो," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आणि खरा गुरू समोर उभा होता." विक्रांतने डोळे मिटले. रुचिरने भिंतीला हात जोडले. संध्याकाळी प्रत्येकजण काहीतरी मिळाल्याच्या समाधानात आपापल्या घरी गेला.

मेधा ऑफिसातून आली तेव्हा भिंतीवर त्याच एकोणीस फुल्या होत्या, एक खळगा होता, फरशीवर पांढरी भुकटी होती, आणि देव चपलांच्या कपाटावर होते. ती पायातले सँडल न काढता सोफ्यावर बसली. निशिकांतरावांनी तिला भिंतीचा बोध समजावून सांगितला. तिने तो ऐकला की नाही, हे त्यांना नक्की कळलं नाही. थोड्या वेळाने तिने उठून बादली आणली आणि फरशी पुसली.

शनिवारी सकाळी आई आल्या. प्रवासाने थकलेल्या, पण चेहरा उजळलेला. दारातच त्यांनी चपला काढल्या, वाकून हातात घेतल्या, चपलांचं कपाट उघडलं, चपला नीट आत ठेवल्या आणि सरळ होताना त्यांची नजर वर गेली. बाळकृष्ण त्यांच्या नाकासमोर होता. त्यांचा एक हात अजून कपाटाच्या दारावर होता.

मेधाने आईची बॅग खाली ठेवली. "आई, मी तुला सांगणारच होते," ती म्हणाली.

"आई," निशिकांतराव पुढे होऊन म्हणाले, "हे मुद्दाम आहे."

मेधाने त्यांच्याकडे पाहिलं.

निशिकांतरावांनी खिशातून ओळंबा काढला. दोरी देवघराच्या कळसासमोर धरली. वजन डोलत डोलत स्थिरावलं आणि थेट बुटांच्या कप्प्यासमोर येऊन थांबलं. "वर बघा, मुक्काम," ते म्हणाले. "खाली बघा, प्रवास. आपण जन्मभर पायांत वाट घालून हिंडतो आणि घरी आलो की ती वाट इथे, त्याच्या पायाशी काढून ठेवतो. रोज बूट काढायला वाकतो, आई, तेव्हा न ठरवता नमस्कार होतो. भिंतीवर टांगलेल्या देवाला सणासुदीलाच मान वर करून बघतात. या देवापुढे मी दिवसातून दोनदा वाकतो, आणि पावसात जास्त."

आईंचे डोळे भरून आले. त्या बराच वेळ त्या दोरीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे टिपले आणि लेकीकडे वळल्या. "अगं, एवढं खोल घरात असताना तू मला भिंतीवर आहे म्हणून का सांगत होतीस? इतके महिने? माझ्याशी खोटं?"

मेधाला बोलायचं खूप होतं. तिने तोंड उघडलं.

"असू दे आई, मी तिला कधीच माफ केलंय," निशिकांतराव म्हणाले. ओळंबा सत्य सांगायला शिकवतो तसा क्षमाही शिकवतो, असं त्यांनी सांगितलं. (हे मूळ पाठात नाही. ते त्यांनी त्या क्षणी घातलं आणि पुढे कायम ठेवलं.)

मेधा बॉम्ब शेल्टरमध्ये गेली आणि तिने दार लावून घेतलं. भिंती जाड असल्यामुळे बाहेर काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने ती तांदूळ घेऊन बाहेर आली आणि तिने कुकर लावला.

पाडवा चांगला झाला. आई पुण्याला परत गेल्या, त्यांनी संकुलात हे सगळ्यांना सांगितलं, आणि ताज्या माहितीनुसार तिथल्या नऊ खोल्यांमध्ये देव चपलांच्या कपाटावर आलेले आहेत. पैकी दोघांकडे असं कपाट नव्हतं. त्यांनी ते मुद्दाम आणवलं. निशिकांतरावांना इथल्या एका कॉन्डोत, म्हणजे खासगी गृहसंकुलात, आणि नंतर ऑनलाइन, हे व्याख्यान द्यावं लागलं. अमेयने ड्रिल पुन्हा खोक्यात ठेवलं. विक्रांतच्या आणि रुचिरच्या घरी आता भिंतीवर लावायचं काहीही उरलेलं नाही, कारण प्रत्येक वस्तू जिथे आहे तिथे का आहे, याचं कारण त्यांना सापडलं आहे. मेधा अजून रोज सकाळी तिथेच उदबत्ती लावते. निशिकांतराव ती लावताना बघतात आणि त्यांना वाटतं, हिला समजत गेलं आहे.

हे वाचून तुम्हाला मेधाबद्दल वाईट वाटलं असेल. वाटलंच पाहिजे, तुम्ही मनाने चांगले आहात म्हणूनच वाटलं. पलीकडच्या खोलीत आत्ता जी व्यक्ती आहे, तिने तुम्हाला जे काम पुष्कळदा, आवाज न चढवता सांगितलं, आणि ज्यासाठी लागणारी वस्तू कधीची भिंतीला टेकवून ठेवली आहे, त्या कामासाठी मात्र लगेच उठू नका. आधी या गोष्टीतून काय घ्यायचं ते शांतपणे बसून ठरवा. हवं तर तिलाही बोलावून वाचून दाखवा. ती ऐकेल, तिला सवय आहे.